कटप्पाचा सूड शोधू नका, त्याचे वतन शोधा

निजामपुऱ्यात आमचा छोटासा अभ्यासवर्ग चालतो. रविवारी संध्याकाळी दहा-बारा पोरे जमतात. कोणी गोदामात पॅकिंगला आहे, कोणाचे वडील यंत्रमागावर आहेत, दोघे-तिघे स्पर्धा परीक्षेची तयारी करतात. विषय आधी ठरलेला असतो, पण पोरेच ती, गाडी भलत्याच रुळावर जाते. 31 ऑक्टोबर 2025 ला 'बाहुबली'चे दोन्ही भाग एकत्र जोडून पुन्हा चित्रपटगृहांत लागले. त्या आठवड्यात वर्गाचा विषय होता महाड, आणि चर्चा झाली कटप्पावर.

कटप्पाने बाहुबलीला का मारले? 10 जुलै 2015 ला पहिला भाग आला आणि या एका प्रश्नावर तो संपला. पुढे जवळजवळ दोन वर्षे अख्खा देश तर्क लढवत बसला होता. कोणी म्हणे बाहुबलीनेच मरण मागितले, कोणी म्हणे कटप्पाला फसवले. 28 एप्रिल 2017 ला दुसरा भाग आला आणि उत्तर मिळाले. शिवगामीने हुकूम दिला, कटप्पाने पाळला. विषय संपला.

आमच्या वर्गात मात्र तो संपला नाही. रात्रपाळी करून आलेला, डोळे तांबारलेले, असा एक पोरगा म्हणाला, "दादा, पिक्चरमध्ये सांगितलंय ते वरवरचं कारण आहे. कटप्पाने बदला घेतला. गुपचूप."

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण त्याने मुद्दे मांडायला सुरुवात केली तेव्हा हसू थांबले.

त्याचे म्हणणे असे. कटप्पाच्या पूर्वजांनी महिष्मतीच्या सिंहासनाला शब्द दिला, म्हणून त्याच्या पिढ्यान्‌पिढ्या गुलाम. त्याला एका राजाचा सूड घ्यायचा नव्हता, सिंहासनाचा घ्यायचा होता. वाईट राजाला मारून सिंहासन मजबूत होते, कारण लोक नव्या राजाचा जयजयकार करतात. सिंहासन पोखरायचे असेल तर चांगला राजा काढायचा आणि वाईट राजा ठेवायचा. म्हणून बाहुबली गेला, भल्लालदेव राहिला. पंचवीस वर्षे राज्य सडू दिले. मग कटप्पानेच बाहुबलीच्या पोराला सगळी हकिगत सांगितली आणि त्याच्या हातून भल्लालदेवालाही संपवले. "दोन्ही भाऊ गेले, दादा. हात कोणाचा? कटप्पाचा. आणि संशय कोणालाच नाही."

ही मांडणी हुशारीची आहे. चित्रपट लिहिणाऱ्या विजयेंद्र प्रसाद यांनाही ती ऐकून गंमत वाटली असती. पण आम्ही तर्क मानणारी माणसे आहोत. मांडणी आवडली म्हणून ती खरी ठरत नाही. पुरावा तपासला पाहिजे.

पुरावा काय सांगतो? पहिल्याच भागात अस्लम खान नावाचा शस्त्रांचा व्यापारी येतो. कटप्पाशी तलवारीने खेळतो, त्याच्यावर खूश होतो आणि हा वीर गुलाम आहे हे कळल्यावर हादरतो. म्हणतो, मोल सांगा, मी तुला सोडवतो. कटप्पा नकार देतो. पूर्वजांचा शब्द आहे म्हणतो. ज्याला सूड घ्यायचा आहे तो असा बाहेर पडायचा रस्ता आपल्या हाताने बंद करील का? कोणी म्हणेल, सूडासाठी आत राहणे भागच होते. मग पुढचा प्रसंग घ्या. बाहुबलीच्या तोंडावळ्याचा तरुण समोर दिसतो आणि कटप्पा त्याचा पाय उचलून आपल्या डोक्यावर ठेवतो. ते दृश्य भिंतींवरच्या पोस्टरवर झळकले. तिथे नाटक करायची त्याला काही गरज नव्हती. आणि शिवगामीने हुकूम देताना, तू मारणार नसशील तर मी मारीन, असे म्हटल्यावर तो गुडघ्यावर येतो. सूड घेणाऱ्याला असा हुकूम म्हणजे आयती संधी. हा माणूस मात्र रडतो.

तेव्हा आमचा निकाल स्पष्ट आहे. कटप्पाने सूड घेतला नाही. आमच्या पोराचा तर्क खोटा आहे.

पण त्या पोराला असा तर्क करावासा का वाटला, हा प्रश्न त्याहून मोठा आहे, आणि तो आम्हाला झोपू देत नव्हता.

कारण आमच्या पोरांना गुलाम इतका निष्ठावंत असलेला बघवत नाही. सगळ्यात मोठा योद्धा, सगळ्यात कुशल शस्त्रकार, आणि तो जमिनीवर बसणार. बाहुबली त्याला मामा म्हणतो, पण मामाची गुलामी काही सोडवत नाही. टाळ्या वाजतात बाहुबलीच्या मोठ्या मनाला. त्या अंधाऱ्या चित्रपटगृहात आमच्या पोराच्या पोटात काहीतरी ढवळते. त्याला वाटते, हा माणूस आतून असा नसणार. आत काहीतरी शिजत असणार. त्या वाटण्याला आम्ही सलाम करतो. ते जिवंतपणाचे लक्षण आहे. गंमत बघा, कटप्पा साकारणाऱ्या सत्यराज यांनीच 2007 च्या 'पेरियार' चित्रपटात पेरियारांची भूमिका केली होती. ज्या चेहऱ्याने पडद्यावर ब्राह्मणी व्यवस्थेला आव्हान दिले, त्याच चेहऱ्याने पुढे सिंहासनाचा पाय डोक्यावर घेतला. पण लाखोंनी पाहिला तो दुसरा चेहरा.

आणि या कल्पनाविश्वात सूड कोणाच्या वाट्याला येतो तेही बघा. आनंद नीलकंठन यांनी चित्रपटाच्या आधीची कथा सांगणारी इंग्रजी कादंबरीमालिका लिहिली. पहिला भाग 2017 मध्ये आला. त्यात गुप्त सूड आहे, पण तो शिवगामीचा. तिच्या बापाला राजद्रोही ठरवून मारले जाते आणि ती लहान पोर महिष्मती नष्ट करण्याची शपथ घेते. वाचक पानोपानी तर्क करत बसतो, ही कधी आणि कसा डाव टाकणार. पुढे काय होते ते चित्रपट पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तीच शिवगामी त्याच महिष्मतीची राजमाता होते आणि कटप्पाला हुकूम सोडते. सरदाराच्या पोरीचा सूड सिंहासनाशेजारी जाऊन बसतो. गुलामाच्या वाट्याला फक्त निष्ठा येते. जे काळे, बाहेरचे, वेगळी भाषा बोलणारे आहेत ते कालकेय म्हणजे तर माणसातच धरलेले नाहीत. त्यांच्यासाठी नवी भाषा बनवली, पण त्यांचे दुःख काय ते त्या भाषेत एकदाही ऐकू आले नाही. 2015 मध्ये तामिळ आवृत्तीतल्या एका संवादात अरुंधतियार समाजाला हिणवणारा शब्द आला म्हणून तामिळनाडूत आपल्या बांधवांनी निषेध केला आणि संवादलेखकाला दिलगिरी व्यक्त करावी लागली. म्हणजे "काल्पनिक आहे, मनावर घेऊ नका" म्हणणारे खोटे बोलतात. कल्पनेतही जात बरोबर आपली जागा शोधते.

आता आम्ही पोरांसमोर ठेवलेला मुद्दा सांगतो. दोन वर्षे सगळा देश कटप्पाच्या मनात काय लपले आहे ते शोधत होता. जे लपलेलेच नव्हते त्याबद्दल कोणी विचारले नाही. पूर्वजांनी शब्द दिला म्हणून पोराने, नातवाने, पणतवाने राबायचे, हा करार कोणी लिहिला? तो मोडायचा कसा? हा प्रश्न उघड्यावर पडला होता.

आणि या प्रश्नाला महाराष्ट्रात एक जुने नाव आहे. वतन.

महारवतन म्हणजे दुसरे काय होते? गावाची आणि सरकारची रात्रंदिवस सेवा करायची. निरोप न्यायचा, मेलेले ढोर ओढायचे, सरकारी अंमलदाराच्या घोड्यापुढे पळायचे. बदल्यात जमिनीचा तुकडा आणि बलुत्याची भाकरी. बाप आजारी असेल तर पोराने हजर व्हायचे. आणि हे सगळे हक्क म्हणून मिरवायचे. अमृतनाकाची दंतकथा आपल्या आजोबांनी ऐकलेली आहे. बिदरच्या बादशहाची बेगम त्याने सोडवून आणली, आपल्या निष्ठेचा पुरावा दिला, आणि बक्षीस म्हणून महारांसाठी बावन्न हक्क मागून घेतले. नीट बघितले तर ती कटप्पाचीच गोष्ट आहे. पूर्वजाची निष्ठा, राजाचा शब्द, आणि वंशजांच्या गळ्यात कायमचे जोखड. फरक इतकाच की या गोष्टीत जोखडाला हक्क म्हटले आहे.

बाबासाहेबांनी वर्मावर बोट ठेवले ते इथे. 19 मार्च 1928 ला त्यांनी मुंबई विधिमंडळात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. वतनदाराला वतनातून मोकळे होता आले पाहिजे, जमीन रयताव्याने त्याच्याकडे राहिली पाहिजे, आणि ज्याला सेवा हवी त्याने तिचे पैसे मोजले पाहिजेत, असा त्याचा गाभा होता. ते विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. गंमत म्हणजे आपल्यातलेच काही लोक वतन सुटणार म्हणून घाबरले होते. अस्लम खानाला नाही म्हणणारा कटप्पा आमच्या गावागावांत होता. त्याला शिव्या देऊन उपयोग नव्हता. जोखड हीच त्याला आपली इभ्रत वाटत होती. बाबासाहेब वर्षानुवर्षे त्याला समजावत राहिले. शेवटी 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली. तीस वर्षे लागली. कोणा पाटलाचा मुडदा पाडून वतन गेले नाही. ते कागदावरून गेले आणि त्याआधी डोक्यातून गेले.

इथे आमचा तो पोरगा परत उसळला. "म्हणजे अपमान गिळायचा का, दादा?"

नाही. मुळीच नाही. महाड आठवा, त्या दिवशी वर्गाचा विषयही तोच होता. बाबासाहेब 1 जानेवारी 1927 ला कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देऊन आले आणि अवघ्या अडीच महिन्यांत, 20 मार्चला, त्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर मंदिरात घुसणार असल्याची अफवा पसरवून जमावाने आपल्या माणसांवर हल्ला केला. जेवणाच्या मांडवात घुसून मारले. आपल्यात लष्करातून निवृत्त झालेले तगडे जवान होते. हुकूम झाला असता तर त्या रात्री महाडात रक्ताचा सडा पडला असता. बाबासाहेबांनी हुकूम दिला नाही. ते भ्याले म्हणून का? त्याच वर्षी 25 डिसेंबरला त्याच महाडात त्यांनी मनुस्मृती जाळली, दिवस ठरवून, सगळ्यांसमोर. आणि तळ्याचा खटला दहा वर्षे लढवून 17 मार्च 1937 ला उच्च न्यायालयात जिंकला.

येवला बघा. 13 ऑक्टोबर 1935 ला त्यांनी जाहीर सांगितले की हिंदू म्हणून मरणार नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात तो शब्द खरा केला. एकवीस वर्षे आणि एक दिवस. असली चिकाटी कादंबरीतल्या कुठल्याही सूडकऱ्याला जमणार नाही. फरक एवढाच की यात गुप्त काहीच नव्हते. शत्रूला तारीख सांगितली, जागा सांगितली, कारण सांगितले. तरी त्याला थांबवता आले नाही. नागपूरला लोकांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्या स्वतःच्या तोंडाने घेतल्या. कटप्पाची प्रतिज्ञा त्याच्या खापरपणजोबाने घेतलेली होती. आमच्या दृष्टीने गुलाम आणि माणूस यांच्यातला सगळा फरक या दोन प्रतिज्ञांत आहे.

सूड काय असतो हे भिवंडीला कोणी शिकवायला नको. मे 1970 आणि मे 1984, दोन वेळा हे शहर पेटले. प्रत्येकाकडे मागच्या वेळचा हिशेब होता, प्रत्येकाला तो चुकता करायचा होता. जळाले काय? माग जळाले, झोपड्या जळाल्या, मजूर मेले. हिशेब मात्र कोणाचाच पुरा झाला नाही. पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्हीकडची माणसे समोरासमोर बसली, संशय तोंडावर बोलायला लागली. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. गुप्त राग जे करू शकला नाही ते उघड्या बैठकीने केले. ही कुठल्या कल्पनाविश्वातली गोष्ट नाही, आमच्या गल्लीतली आहे.

आता आजचे वतन कुठे आहे ते बघा. लांब जाऊ नका. ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी कर्ज घेतलेला आदिवासी सावकाराचा 'लग्नगडी' व्हायचा आणि त्याची बायकोही राबायची. 1945 च्या वारली उठावाने ती प्रथा उखडली. पण जोखड नाव बदलून येते. भिवंडी, वाडा, वसईच्या पट्ट्यात पावसाळ्यात कातकरी कुटुंब वीटभट्टीवाल्याकडून बयाणा घेते आणि हंगामभर ते फेडत बसते. फिटला नाही तर पुढच्या वर्षी परत तीच भट्टी. मागावरही उचल घेतलेला कामगार मालक बदलू शकत नाही. "पैसे उचललेत, जातो कुठे?" हे वाक्य निजामपुऱ्यात कोणाला नवीन आहे? आमच्या वर्गातल्या त्या पोराच्या ठेकेदाराने पहिल्या पगारातले काही पैसे 'डिपॉझिट' म्हणून अडकवून ठेवले आहेत. मध्येच काम सोडले तर ते बुडणार. तो पोरगा कटप्पाच्या मनात सूड शोधत होता आणि स्वतःच्या खिशातले वतन त्याला दिसत नव्हते.

त्याला आम्ही सांगितले ते इथेही सांगतो. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने वेठबिगारीचे कर्जच रद्द होते, फेडावे लागत नाही. प्रांत अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, मुक्ती प्रमाणपत्र मिळते, उपविभाग आणि जिल्हा पातळीवर दक्षता समित्या असाव्यात असे कायदा सांगतो. अडकवलेल्या पगारासाठी कामगार आयुक्तालयाचा दरवाजा आहे. जातीवरून अपमान झाला तर ॲट्रॉसिटीचा कायदा आहे, आणि त्याचा तपास आपल्याकडे पोलीस आयुक्तालय असल्याने एसीपी दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. हे रस्ते सोपे नाहीत. खेपा घालाव्या लागतात, साक्षीदार फुटतात. पण हे रस्ते बाबासाहेबांनी खोदलेले आहेत, आणि त्यावर एकट्याने चालायचे नसते.

एकट्याने चालण्याचे काय होते तेही पाहिले आहे. 1 जानेवारी 2018 ला कोरेगाव भीमाला हल्ला झाला, 3 तारखेला महाराष्ट्र बंद झाला, आणि त्यानंतर राज्यभर आपल्या अनेक तरुणांवर गुन्हे दाखल झाले. आमच्या ओळखीच्या एका वस्तीतल्या पोराने तर फक्त रागात एक स्टेटस ठेवले होते. बदला घेऊ, अशा अर्थाचे. बदला काही घेतला नाही, घ्यायचाही नव्हता. पण नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीची वेळ आली तेव्हा ते स्टेटस समोर आले. दीड वर्ष तो आणि त्याची आई कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होती. ज्यांच्यावर राग होता त्यांचे काहीच बिघडले नाही. व्यवस्थेला तुमचा सूड परवडतो. तो कलमात बसतो. तिला परवडत नाही तो तुमचा अर्ज, तुमची युनियन, तुमचा अभ्यास आणि तुमचे मत.

म्हणून पोरांनो, 'बाहुबली' खुशाल बघा. कटप्पावर तर्क करा, भांडा, आम्हालाही बोलवा. पण तर्क करायचाच असेल तर हा करा. अस्लम खान मोल द्यायला तयार होता तेव्हा कटप्पा "हो" म्हणाला असता तर? त्याने आपल्या जातभाईंना गोळा करून दरबारात सांगितले असते, की माझ्या पूर्वजाचा शब्द माझ्यावर बंधनकारक नाही, सेवा हवी तर पगार मोजा, तर? बाहुबली वाचला असता, कारण मारायला कोणी गुलामच नसता. त्याला कुठलाही गुप्त कट लागला नसता. भर दरबारात उच्चारलेले एक वाक्य पुरे होते.

ते वाक्य पडद्यावर अजून कोणी बोललेले नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी मात्र ते महाडला, येवल्याला, नागपूरला उभे राहून बोलून दाखवले आहे.

पुढच्या रविवारी त्या पोराच्या डिपॉझिटचा अर्ज आम्ही वर्गातच लिहायला बसणार आहोत. त्याच्याबरोबर त्याच ठेकेदाराकडची आणखी चार पोरे सह्या करणार आहेत. त्यातली दोन मोहल्ल्यातली आहेत, एक उत्तर प्रदेशातला आहे. ज्यांचे पैसे असेच अडकले आहेत त्यांनी यावे. येताना पगाराची पावती किंवा बँकेचे पासबुक आणावे.

जय भीम.